विश्लेषण : फायबर कुजत नाही, मग बोटीचा डेक मऊ का पडतो?

पावसाळी मासेमारी बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै. स्कूबा डायव्हिंग, पॅरासेलिंगसारखे जलपर्यटनही साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत थांबते. या दिवसांत कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर नौका ओढून शाकारल्या जातात आणि वर्षभर साठलेली दुरुस्तीची कामे बाहेर निघतात. लाकडी होडीचे दुखणे डोळ्यांना दिसते. फायबरच्या छोट्या बोटींचे तसे नसते. बाहेरून रंग कोरा, पण डेकवर चालताना एखाद्या जागी पाय किंचित खाली जातो, एवढीच तक्रार असते. ‘वरून एक मॅट मारून घेऊ’ हा त्यावरचा नेहमीचा उपाय. प्रत्यक्षात मऊ पडलेला डेक हे बहुतेक वेळा आत कित्येक वर्षे मुरलेल्या पाण्याचे उशिरा दिसणारे लक्षण असते. ते पाणी डेकखालच्या फोमपर्यंत पोहोचले असेल, तर अपघातात पाण्याने भरलेली बोट तरंगत राहील का, हा प्रश्न उभा राहतो. हे पाणी शिरते कुठून, ओळखायचे कसे आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची, याविषयी…

डेक मऊ पडतो म्हणजे नेमके काय होते?

फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट किंवा विणलेले रोव्हिंग आणि त्यात मुरवलेले रेझिन. ते कुजत नाही, हे खरेच. पण नुसत्या फायबरचा डेक पायाखाली ताठ राहील इतका जाड केला, तर तो फार जड आणि महाग होतो. म्हणून अनेक बोटींचा डेक सँडविचसारखा असतो. वर आणि खाली फायबरचा पातळ थर आणि मध्ये प्लायवूड, बाल्सा लाकूड किंवा कडक फोमचा गाभा. इमारतीतल्या लोखंडी आय-गर्डरचे तत्त्व इथे वापरलेले असते. दोन थर एकमेकांपासून जितके दूर, तितका ताठपणा जास्त.

हा फरक किती मोठा असतो, ते साध्या हिशेबाने कळते. तीन-तीन मिलिमीटरचे फायबरचे दोन थर एकमेकांना चिकटवले तर ६ मिलिमीटरची फळी होते. त्याच दोन थरांमध्ये १२ मिलिमीटरचा गाभा घातला, तर गाभ्याची स्वतःची ताकद सोडून दिली तरी ताठपणा कागदावर सुमारे १९ पट होतो. मात्र गाभ्याने दोन्ही थर घट्ट धरून ठेवले, तरच हे गणित चालते. गाभा कुजून भुसा झाला किंवा थरापासून सुटला, की उरतात ती तीन मिलिमीटरची दोन सुटी पापुद्रे. पाय दबतो तो इथे. वरच्या फायबरला काहीही झालेले नसते, म्हणून तर रंग कोरा दिसतो.

डेकच नसलेल्या उघड्या होड्यांना ही अडचण येत नाही. दुहेरी तळ असलेल्या, डेकखाली पोकळी बंद केलेल्या बोटींचा हा आजार आहे. पर्यटकांना ने-आण करणाऱ्या, आउटबोर्ड इंजिनाच्या बऱ्याच छोट्या बोटी याच जातीच्या.

पाणी आत शिरते कुठून?

लाटा डेकवरून आत शिरत नाहीत. शिरकाव होतो तो स्क्रूच्या भोकातून. डेकवर सीटचे पाय, रेलिंग, दोर बांधायची क्लीट, छताचे खांब, गळ लावायचे होल्डर असे काय काय बसवलेले असते. प्रत्येकाला चार-सहा स्क्रू. बहुतेक वेळा सरळ प्लायमध्ये भोक पाडून, वर थोडे सिलिकॉन लावून काम उरकलेले असते. बोट चालते तेव्हा रेलिंग हलते, माणसे तिला धरून उभी राहतात, सिलिकॉन सुटते आणि केसाएवढी फट तयार होते. तिथून थेंबाथेंबाने पाणी प्लायच्या कडेला लागते. प्लायची कापलेली कड पाणी ओढून घेते, तसे ते मग आडवे पसरत जाते. म्हणूनच डेक दबतो एका जागी आणि गळती असते हातभर दुसरीकडे.

यात एक विरोधाभास आहे. बोट समुद्रात चालत असली तरी तिचा डेक कुजवण्यात समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याचा हात मोठा असतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा, ऊब आणि ओलावा लागतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की तिला वाव मिळतो. मीठ मात्र तिला मानवत नाही. लोणच्यात मीठ जे काम करते, तेच इथेही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले जहाजबांधणीवाले लाकडी सांगाड्याच्या पोकळ्यांत मुद्दाम खडेमीठ भरत, ते याचसाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो नेमका बोट किनाऱ्यावर स्थिर असताना. ताडपत्री नीट ताणली नाही, तिच्या पोटात पाणी साठले किंवा बोटीची नाळ वर न ठेवता बोट सपाट ठेवली, तर गोडे पाणी डेकवर साचून दोन-अडीच महिने स्क्रूच्या भोकांवर बसून राहते. बोट वापरात असताना होत नाही इतके नुकसान ती ‘विश्रांती’ घेत असताना होते.

डेकखाली फोम कशासाठी भरतात?

लाकडाची होडी पाण्याने भरली तरी सहसा तळाला जात नाही. फायबरची जाते. काचेचे धागे आणि रेझिन मिळून होणारे फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड असते. वर इंजिन, बॅटरी, नांगर. म्हणून बंद पोकळ्यांत हलका फोम भरून बोट न बुडणारी करण्याची कल्पना आली. अमेरिकेत डिक फिशर यांनी १९५८ मध्ये बोस्टन व्हेलर ही बोट बाजारात आणली, तिच्या दोन कवचांमध्ये फोम होता. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात छापलेल्या छायाचित्रांत ही १३ फुटी बोट करवतीने मधोमध कापली जात होती आणि तरी फिशर तिच्यातच बसून होते. मागचा अर्धा भाग इंजिनासह चालवताही आला. जाहिरात म्हणून ती अजूनही गाजते.

पुढे १९७१ मध्ये अमेरिकेने बोट सुरक्षा कायदा केला आणि त्याखालील नियमांनुसार २० फुटांपेक्षा लहान, एकाच तळाच्या बहुतेक यांत्रिक बोटींना तरंगत राहण्याची सोय बंधनकारक झाली. आउटबोर्ड बोटींसाठी अट आणखी कडक. पाण्याने भरली तरी ती एका बाजूला उभी न राहता सपाट तरंगली पाहिजे, म्हणजे माणसांना तिला धरून राहता येईल. बुडणाऱ्यांना ‘बोट सोडू नका’ असे सांगतात, तेही यामुळेच. शोध घेणाऱ्याला तरंगती बोट दुरून दिसते, एकटे डोके दिसत नाही.

बंद पेशींचा फोम पाणी कसा पितो?

यासाठी वापरला जातो तो मुख्यतः दोन द्रव मिसळून ओतला जाणारा पॉलियुरेथेन फोम. त्याच्या पेशी बंद असतात, म्हणजे स्पंजासारख्या एकमेकींत उघडत नाहीत. त्यामुळे ‘हा फोम पाणी पीतच नाही’ असे विकणारे सांगतात. नवा तुकडा बादलीत बुडवून पाहिला तर तसे दिसतेही. पण बोटीच्या पोटात तो बादलीत नसतो. दहा-पंधरा वर्षे त्याच्याभोवती पाणी साठून असते, लाटांच्या दणक्यांनी पेशींच्या भिंती तुटतात, ऊन-सावलीच्या फेऱ्यांत वाफ आत जाऊन आतच थंड होते. फोम ओतताना मिश्रण बिघडले असेल, तर मुळातच बऱ्याच पेशी उघड्या राहिलेल्या असतात.

खरा दोष बहुधा फोमचा नसतोच, निचऱ्याचा असतो. तळाशी पाणी वाहून मागच्या खळग्यात जाण्यासाठी जी वाट हवी, तीच फोम ओतताना बुजवली जाते. मग एकदा आलेले पाणी कुठेही जात नाही. अशा बोटीचा डेक उघडला तर वरचा हातभर फोम कोरडा खडखडीत आणि तळचा चिखलासारखा, मुठीत दाबला की पाणी गाळणारा, असे चित्र दिसते. काही बोटींत पॉलियुरेथेनऐवजी थर्माकोलचे तुकडे कोंबलेले असतात. ते स्वस्त पडतात, पण पेट्रोलचा स्पर्श झाला की विरघळतात. इंधनटाकीच्या आसपास थर्माकोल असणे म्हणजे आधार नसण्यासारखेच.

ओला फोम किती धोकादायक?

समजा, १८ फुटी बोटीत ५०० लिटर फोम आहे. घनमीटरला ३२ किलो या प्रचलित घनतेने त्याचे वजन अवघे १६ किलो. पूर्ण बुडाला तर तो सुमारे ४८४ किलो वजन वर उचलू शकतो. आता बोटीचा हिशेब. ६०० किलोचे फायबर बुडाल्यावर ४०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे २०० किलो फोमने पेलायचे. इंजिन, बॅटरी, नांगर यांचे पाण्यातले वजन १४० किलो धरू. एकूण ३४० किलो झाले. उरतात सुमारे १४५ किलो. पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बोटीला धरून राहिलेल्या माणसाचा भार थोडाच असतो, त्यामुळे एवढ्यावर बरीच माणसे निभावतात.

याच फोमपैकी फक्त पाव भाग पाण्याने भरला, तर १२५ लिटर पाणी आत बसले. उरलेल्या १४५ पैकी १२५ गेले. शिल्लक २० किलो. कागदावर बोट अजून तरंगते, पण माणसांनी कड धरली की ती खाली जाऊ लागेल. आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी प्रमाण असेच असते. फोमचा थोडा भाग ओला झाला की सुरक्षेचा जवळजवळ सगळा जादा वाटा संपतो, कारण बाकीचा फोम बोटीलाच पेलण्यात गुंतलेला असतो.

एरवी, बोट धडधाकट चालत असतानाही ते १२५ किलो पाणी वाहावेच लागते. दोन माणसे कायम बसवून नेल्यासारखे. बोट पाण्यात खोल बसते, कड आणि पाणी यांतले अंतर कमी होते, इंधन जास्त लागते, बोट पाण्यावर उचलली जायला वेळ घेते. परवान्यावर प्रवाशांची संख्या मात्र तीच राहते. महाराष्ट्रात प्रवासी बोटींची तपासणी सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे असते. लाइफ जॅकेट मोजता येतात, इंजिन चालवून पाहता येते. डेकखालचा फोम वरून पाहणाऱ्या कोणालाच दिसत नाही. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी बोटीचे वजन करून ते नोंदवणे ही साधी गोष्ट तपासणीत यायला हवी.

बोट न फोडता हे ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेकवर वीतभर अंतराने ठोकत जायचे. घट्ट जागी ‘टक टक’ असा कडक आवाज येतो, गाभा सुटलेल्या जागी बद्द. खडूने तिथे खुणा केल्या की आजार किती पसरला आहे, याचा नकाशाच तयार होतो. तो बहुतेक वेळा मालकाच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो. शंका असेल तिथला एखादा स्क्रू काढून भोकातून बाहेर येणारा चुरा पाहावा. पिवळट, कोरडा असेल तर ठीक, काळपट आणि ओला असेल तर निकाल लागला.

फोमसाठी खात्रीची परीक्षा वजनाची. बोट ट्रेलरवर चढवून ट्रकच्या वजनकाट्यावर न्यावी, मग रिकाम्या ट्रेलरचे वजन करून वजा करावे. टाकीतले इंधन आणि सामान सोडून कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा शे-दीडशे किलो जास्त भरले, तर ते पाणीच. वजनाचा कागद नसेल तर जुने फोटो उपयोगी पडतात. बोटीच्या अंगावरची पाण्याची रेघ पूर्वीपेक्षा वर गेलेली दिसते. किनाऱ्यावर ओढून आठवडा झाला तरी मागचे निचऱ्याचे भोक ठिबकत असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही. शेवटी डेकच्या सर्वांत खालच्या बाजूला मोठे भोक पाडून तळापर्यंतचा फोमचा नमुना काढता येतो. वरचा तुकडा कोरडा निघाला म्हणून थांबू नये, तळचा पाहावा.

त्याच वेळी ट्रान्समही तपासावा. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते, ती फळीही बहुधा फायबरमध्ये गुंडाळलेला प्लायच असते. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवला आणि फळी वाकताना दिसली, तर डेकआधी तिची काळजी घ्यावी लागेल. डेक मऊ असेल तर माणूस अडखळतो. ट्रान्सम मऊ असेल तर इंजिन समुद्रात जाते.

वरून मॅट मारली तर काय बिघडते?

दबणाऱ्या डेकवर आणखी एक मॅट आणि जेलकोट चढवला की दोन महिने डेक घट्ट वाटतो. आतले पाणी मात्र आता दोन्ही बाजूंनी कोंडले जाते. पुढच्या वर्षी त्याच जागी, शिवाय आणखी वजन घेऊन, तोच त्रास. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे डेकला बारीक भोके पाडून सुईने पातळ इपॉक्सी सोडणे. तळहाताएवढी जागा, लाकूड कुजलेले नाही आणि आत पूर्ण कोरडे आहे, अशा वेळी तो चालतो. ओल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही, कारण तिथली जागा पाण्याने आधीच घेतलेली असते. कुजलेल्या गाभ्याला इंजेक्शन देणे हा पैशांचा अपव्यय आहे, असे स्पष्टच म्हणायला हवे. ओला फोम उन्हात सुकवण्याचेही तसेच. तो जागेवर सुकत नाही. डेक उघडून दोन महिने ठेवला तरी तळचा थर ओलाच राहतो. तो काढावाच लागतो.

डेक उघडल्यावर काम कसे पुढे जाते?

पहिले काम कापायचे नाही, टेकू द्यायचे. अनेक बोटींत डेक आणि फोम मिळून तळाचा आकार धरून ठेवतात. ते काढल्यावर बोट दोनच ओंडक्यांवर टेकलेली असेल, तर तळ हळूच वाकतो आणि त्याच आकारात नवा डेक बसला की बोट कायमची वाकडी चालते. म्हणून नाळेपासून मागपर्यंत जागोजागी आधार आणि कडेपासून कडेपर्यंत एक-दोन आडव्या पट्ट्या आधी लावाव्या लागतात. डेक उचलण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो आणि मापे घ्यावीत. वायर, इंधनाची नळी, स्टिअरिंगची केबल खालून कुठून जाते ते पाहिल्याशिवाय कटर चालवू नये.

कापताना पात्याची खोली फक्त वरच्या थराएवढी ठेवतात आणि बोटीच्या बाजूपासून दोन-तीन इंच आत रेघ मारतात. त्यामुळे कडेला एक ओठ शिल्लक राहतो आणि नवा डेक त्यावर बसवता येतो. निघालेला वरचा पत्रा चांगला असेल तर जपून ठेवावा. तोच उलटा ठेवून नव्या डेकचा साचा होतो, कधी तोच पुन्हा बसवता येतो. मग गाभा खरवडून काढायचा आणि त्याखालचा फोम. या कामाला कौशल्य कमी आणि कंबर जास्त लागते. फावडे, जुनी करवत, पहार, जे हाताला येईल ते. ओला फोम अपेक्षेपेक्षा कितीतरी जड निघतो आणि बोट किती पाणी वाहत होती, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसते.

आता दिसतात ते स्ट्रिंगर, म्हणजे तळाला लांबीच्या दिशेने बसवलेले आधार. लाकडी असतील तर त्यांनाही भोक पाडून पाहायचे. ते कुजले असतील तर डेक बदलण्यात अर्थ नाही, कारण तो याच आधारांवर बसणार असतो. एकाच वेळी सगळे स्ट्रिंगर काढू नयेत. एक बदलावा, तो सुकू द्यावा, मग दुसरा. तळ पूर्ण कोरडा झाला, ग्राइंडरने जुना थर खरखरीत केला, धूळ पुसली, की मगच नवे फायबर लावायचे. ही घासणी टाळली तर नवा थर जुन्यावर नुसता टेकलेला राहतो. जोडाच्या कडा उतरत्या घासाव्यात. तीन मिलिमीटरच्या थराला साधारण ३६ मिलिमीटरचा उतार, म्हणजे एकास बारा.

प्लाय घेताना शिक्का पाहावा. मरीन प्लायचे भारतीय मानक आयएस ७१०, तर सर्वसाधारण वापराच्या प्लायचे आयएस ३०३. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दोन्ही दाखवले जातात. मरीन प्लायचाही गोंद पाण्याला दाद देत नाही म्हणून लाकूड अमर होते, असे नाही. त्यामुळे बसवण्याआधी प्लायच्या सहाही बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, रेझिन पाजावे लागते. जुन्या पॉलिस्टर फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी अधिक घट्ट चिकटते, पण ते महाग आहे. सुट्या धाग्यांची नेहमीची मॅट पॉलिस्टर रेझिनसाठी बनवलेली असते. तिला बांधून ठेवणारा पदार्थ इपॉक्सीत नीट विरघळत नाही, म्हणून इपॉक्सी वापरायचे तर विणलेले कापड घ्यावे. इपॉक्सीवर नंतर पॉलिस्टर चढवले तर ते भरवशाने धरत नाही. एकदा ठरवले की शेवटपर्यंत तेच रेझिन, हे बरे.

आणि स्क्रूची भोके, ज्यांनी हे सगळे सुरू केले. प्रत्येक भोक हवे त्यापेक्षा मोठे पाडायचे, त्यात घट्ट केलेले इपॉक्सी भरायचे, ते कडक झाले की त्याच्या मधोमध स्क्रूचे भोक पाडायचे. मग सील सुटले तरी पाण्याला लाकूड भेटत नाही. चाळीस भोकांसाठी हे दीड दिवसाचे कंटाळवाणे काम आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी टाळले जाते.

नवा फोम भरताना काय पाहावे?

आधी निचऱ्याची वाट. तळाच्या मध्यरेषेवर अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप उपडा ठेवून फायबरने बसवला की नाळेपासून मागच्या खळग्यापर्यंत पन्हळ तयार होते आणि फोम तिच्यावर राहतो. पन्हळ ठेवली नाही, तर सगळा खर्च काही वर्षांनी पुन्हा आलाच.

दोन द्रव सारख्या प्रमाणात मिसळल्यावर मिश्रण अर्ध्या-एक मिनिटात फुगू लागते आणि सुमारे तीसपट होते. एकदम बादलीभर ओतण्याचा मोह टाळावा. आतली उष्णता बाहेर पडत नाही, गाभा करपतो, आणि कोंडलेला फोम डेक वर उचलतो किंवा बाजू फुगवतो. थोडे थोडे ओतून, प्रत्येक घाण निवल्यावर पुढचे. वर हवा जायला भोके ठेवावीत. ओतताना श्वासाचा योग्य मास्क हवा, नाकाला रुमाल बांधून भागत नाही. यातील आयसोसायनेटची वाफ दम्यासारखा त्रास कायमचा लावू शकते.

झाकण लावलेल्या रिकाम्या बाटल्या भरायचा घरगुती उपायही काही जण करतात. बाटली पाणी पीत नाही, हे खरे. पण सैल असेल तर सरकते, घासून भोक पडते आणि ते कळत नाही. अमेरिकी नियमांत हवाबंद कोठ्या असलेल्या बोटीची चाचणी करताना सर्वांत मोठ्या दोन कोठ्या पाण्याने भरल्या आहेत असे धरतात, त्यामागे हाच अविश्वास आहे.

पावसाळ्यातच दुरुस्ती का बिघडते?

किनाऱ्यावरचा खरा पेच इथे आहे. बोट रिकामी असते जून ते ऑगस्ट, आणि हवा सर्वांत ओली असते तीही तेव्हाच. दमट मॅटमध्ये रेझिन नीट मुरत नाही. इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. फोमच्या द्रवाला हवेतले पाणी लागले तर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पेशी उघड्या राहतात, म्हणजे नवा फोम पहिल्या दिवसापासून पाणी प्यायला तयार. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात काम उत्तम होईल, पण तोच कमाईचा हंगाम. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मालकाला मे महिन्यात बोट उघडून ठेव म्हणणे सोपे आहे, त्याला ते परवडत नाही.

मधला मार्ग कामाची वाटणी करण्याचा. पर्यटन थांबते आणि पाऊस पक्का बसतो, यांत मेअखेरीचे आठ-दहा दिवस हाती लागतात. तेवढ्यात डेक कापून, ओला फोम काढून, तळ उघडा करावा. पावसात पक्क्या शेडखाली, पंखा लावून, सुकणे आणि घासणे चालू ठेवावे. प्लाय कापणे, त्याच्या बाजू सील करणे बंद खोलीत होऊ शकते. फोम ओतणे आणि शेवटचे फायबर ऑगस्टमधल्या उघडिपीसाठी राखून ठेवावे. मासेमारी बोटींना ऑगस्टची सवड नसते. त्यांनी ताडपत्रीच्या भरवशावर फोम ओतण्यापेक्षा तेवढा कप्पा एक हंगाम रिकामा ठेवून ऑक्टोबरच्या उन्हात काम करावे, मात्र तोवर बोट कमी माणसांनी आणि किनाऱ्याजवळ चालवावी.

घाईत आणखी एक धोका. पॉलिस्टर रेझिनसोबत हार्डनर आणि कोबाल्ट अशा दोन बाटल्या येतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचे, मग हार्डनर. दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. हार्डनर डोळ्यात उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा घालावाच, जवळ स्वच्छ पाण्याची बादली असावी.

काढलेल्या फोमचे काय?

एका बोटीतून गोण्याच्या गोण्या ओला फोम आणि कुजका प्लाय निघतो. वाळूवरच पेटवून देणे ही सर्रास पद्धत. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. वाऱ्यावर सोडला तर त्याचे गोळे भरतीत वाहून जाळ्यांत येतात, तुकडे होत समुद्रात राहतात. गोण्यांत बांधून स्थानिक ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेच्या कचरा यंत्रणेकडे सोपवणे, एवढाच मार्ग आज उपलब्ध आहे, आणि तो दुरुस्ती सुरू करण्याआधी विचारून ठेवावा लागतो, कारण ओल्या फोमच्या पन्नास गोण्या घंटागाडी उचलत नाही.